१८३६ सालच्या गावात

अमेरिकेत 'लिव्हिंग हिस्टरी' म्हणजे 'जिवंत इतिहास' नावाचा एक प्रकार आहे. त्याला संग्रहालय म्हणावं तर काचेची कपाटं नाहीत आणि 'हात लावू नये'च्या पाट्याही नाहीत. नाटक म्हणावं तर रंगमंच नाही की पडदा नाही. जुन्या काळचं अख्खं गाव उभं करायचं, लोहार, कुंभार, मास्तर, दुकानदार, डॉक्टर अशी माणसं त्या काळचे कपडे घालून कामाला लावायची आणि पाहणाऱ्याने सरळ त्यांच्या अंगणात, स्वयंपाकघरात, शाळेत शिरायचं. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर बलुतेदारांचं जुनं गाव उभं केलंय, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. फरक इतकाच की कणेरीला पुतळे आहेत आणि इथली माणसं बोलतात!

कल्पना मूळची स्वीडनची. आर्थर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने १८९१ साली स्टॉकहोममध्ये 'स्कान्सेन' सुरू केलं. देशातली जुनी लाकडी घरं सुटी करून आणायची आणि एका टेकडीवर पुन्हा उभी करायची, असा खटाटोप होता. अमेरिकेत हे रोप लावलं ते बड्या उद्योगपतींनी. रॉकफेलरांच्या पैशातून विल्यम्सबर्ग पुन्हा उभं राहिलं. हेन्री फोर्डच्या 'ग्रीनफील्ड व्हिलेज'चं उद्घाटन १९२९ साली झालं. ज्याच्या मोटारीने खेड्यातला घोडा आणि घोड्याला नाल मारणारा दोघांनाही घरी बसवलं, त्यानेच मग खेडं जपून ठेवायला लाखो डॉलर्स घालावेत, याची मला नेहमी गंमत वाटते. पण त्यात ढोंग नसावं. आपल्या हातून काय गेलं हे बहुधा त्यालाच सगळ्यात जास्त कळत असेल.

अशाच एका गावाबद्दल आज लिहायचं आहे. 'कॉनर प्रेअरी' त्याचं नाव. इंडियाना राज्यात इंडियानापोलिसच्या उत्तरेला फिशर्स नावाचं शहर आहे, तिथे व्हाइट रिव्हर नदीच्या काठी हे वसवलेलं आहे. २०१६ साली आम्ही दोघं लेकीकडे होतो तेव्हा सगळे मिळून गेलो होतो. ते इंडियाना राज्याचं दोनशेवं वर्ष होतं, त्यामुळे जिकडेतिकडे 'पायोनियर' म्हणजे पहिल्या वसाहतवाल्यांचा जयजयकार चालू होता.

आमची सहल 'शैक्षणिक' होती बरं का! लेकीने तेव्हा दोन्ही मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं होतं. नात अकरा वर्षांची, नातू आठ वर्षांचा. उभी हयात ज्याने शाळेत घालवली त्या माणसाची नातवंडं शाळेत जात नाहीत, हे नातेवाईकांना सांगताना माझी काय तारांबळ उडत असे ते इथल्या वाचकांपैकी काहींना ठाऊक आहेच! त्यामुळे थोडं कायद्याचं सांगतो. अमेरिकेत १९९३ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. इंडियानाचा इतिहास त्याहून जुना आहे. तिथे सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा १८९७ साली आला आणि १९०४ मध्येच 'स्टेट विरुद्ध पीटरमन' या खटल्यात अपील न्यायालयाने निकाल दिला की मुलांना जिथे नीट शिकवलं जातं ती शाळाच, मग ती घरात का असेना. वर्षाला १८० दिवस शिकवायचं, हजेरी ठेवायची. सरकारी परीक्षा नाही. लेकीचा हजेरीपट मी स्वतः तपासला. सवय, दुसरं काय!

असो. गावाकडे वळू.

तिथल्या खेड्याचं नाव 'प्रेअरीटाउन'. हे नाव खोटं, गाव खोटं, पण वर्ष मात्र पक्कं ठरलेलं होतं, १८३६. गावातल्या माणसाला १८३६ नंतरचं काही म्हणता काही माहीत नसायचं. नातवाने लोहाराला विचारलं, "तुम्ही हे खिळे मशीनवर का नाही बनवत?" तर लोहार भाता ओढता ओढता म्हणाला, "मशीनचे खिळे पूर्वेकडून येतात बाबा, पण इथवर पोचेस्तोवर त्यांची किंमत केवढी होते!" कुंभार नदीकाठच्या मातीची भांडी घडवत होता. एका घरात चुलीवर मक्याच्या पिठाचं काहीतरी शिजत होतं आणि दुसऱ्या घरात एक बाई लाकडी उभ्या भांड्यात दट्ट्या वरखाली करून लोणी काढत होत्या. सगळी अमेरिकन मंडळी तोंडाचा आ करून बघत उभी. आमच्या सौ. म्हणाल्या, "यात बघायचं काय? हातात द्या, मी काढून देते." आणि खरोखरच दिलं त्यांनी! पाच मिनिटांत त्या बाई आणि आमच्या सौ. यांचा ताकाच्या उपयोगांवर असा काही परिसंवाद रंगला की १८३६ साल कुठल्या कुठे गेलं.

शाळा मात्र मी सोडणार नव्हतो. एकच खोली, बाकं, सगळ्या वयाची मुलं एकत्र. त्या काळी या भागात 'ब्लॅब स्कूल' असत, म्हणजे प्रत्येक मुलाने आपापला धडा मोठ्याने म्हणायचा. मास्तर त्या गोंगाटात फिरणार आणि ज्याचा आवाज बंद त्याला छडी! आपल्या पंतोजींच्या शाळेची आठवण यावी असाच हा प्रकार. धूळपाटी नव्हती एवढंच. अब्राहम लिंकन याच इंडियानाच्या दक्षिण भागात वयाच्या सातव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत, १८१६ ते १८३०, वाढला. त्याने स्वतः पुढे लिहून ठेवलं की त्याचं सगळं शालेय शिक्षण एकत्र केलं तरी वर्षभराचं भरणार नाही. त्यातही ते थोडे महिने इथे, थोडे तिथे, शेतीची कामं नसतील तेव्हा. बाकी सगळं घरी, चुलीच्या उजेडात. लेकीने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी म्हटलं, "बाई गं, लिंकनचं एक उदाहरण झालं. त्याच्यासारखेच शाळेविना राहिलेले आणि लिंकन न झालेले किती?" हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. इंडियानाच्या १८१६ च्या राज्यघटनेत गावच्या शाळेपासून विद्यापीठापर्यंत मोफत शिक्षणाचं वचन होतं, पण 'परिस्थिती अनुकूल होताच' अशी पळवाट ठेवून. १८४० च्या खानेसुमारीत सात प्रौढांमागे एक निरक्षर निघाला तेव्हा केलेब मिल्स नावाच्या प्राध्यापकाने १८४६ पासून राज्याच्या विधिमंडळाला उघड पत्रं लिहून भंडावून सोडलं. मग १८५२ मध्ये शाळांचा धड कायदा झाला. म्हणजे १८३६ च्या त्या गोजिरवाण्या शाळेत गावातली किती मुलं येत नव्हती, तेही आपण मनातल्या मनात धरायचं असतं. रिकामं बाक दाखवता येतं. शाळेत न आलेलं मूल कसं दाखवणार?

डॉक्टरच्या घरात पारा मिसळलेली औषधं आणि रक्त काढायची हत्यारं ठेवलेली होती. नदीकाठच्या या वस्त्यांना हिवतापाने पिडलेलं होतं. थंडी भरून येणं हा तिथे ऋतूच असल्यासारखा होता. त्यावरचं क्विनाईन १८२० मध्येच फ्रान्समध्ये वेगळं काढलं होतं, पण जंगलातल्या माणसाला ते परवडणार कसं? आता योगायोग पाहा. १८७६ साली इंडियानापोलिसला कर्नल इलाय लिली याने औषधांचा कारखाना काढला आणि त्याच्या सुरुवातीच्या औषधांत क्विनाईन होतं. त्याच्याच नावाच्या नातवाने १९३४ साली ही नदीकाठची जागा आणि तिथलं मोडकळीला आलेलं विटांचं घर विकत घेतलं, दुरुस्त केलं, आजूबाजूला जुनी लाकडी घरं आणून ठेवली. १९६४ मध्ये त्याने हे सगळं अर्लम कॉलेजला देऊन टाकलं. पुढे गाव वाढलं, माणसं बोलू लागली आणि २००६ पासून संग्रहालय स्वतंत्र झालं.

आता मुद्द्याचं. १८३६ च का?

मास्तराला हा प्रश्न पडतोच. कुठलंही वर्ष निवडता आलं असतं. मी त्या रात्री लेकीच्या घरी कागद घेऊन बसलो आणि १८३६ च्या मागेपुढे काय काय घडलं ते मांडलं. १८३६ च्या जानेवारीत इंडियानाच्या विधिमंडळाने कालवे, रस्ते, रेल्वे यांसाठी एक कोटी डॉलर कर्ज काढायचा प्रचंड कायदा केला. याच नदीच्या खोऱ्यातून कालवा जायचा होता. जो तो श्रीमंत व्हायच्या तयारीत होता. दुसऱ्याच वर्षी, १८३७ मध्ये, देशभर बँका कोसळल्या. तो कालवा जेमतेम आठ मैल चालू झाला आणि १८४१ मध्ये राज्याचं दिवाळं वाजलं. १८३८ च्या सप्टेंबरात उत्तर इंडियानातल्या पोटावाटोमी लोकांना बंदुकीच्या धाकाने उचलून ८५० हून अधिक माणसांचा तांडा कॅन्ससकडे पायी नेण्यात आला. वाटेत ४० हून अधिक मेले, त्यांत बहुतेक लहान मुलं. इतिहासात त्याला 'मृत्यूची वाट' असंच नाव आहे. आणि मागे पाहिलं तर १८२४ साली इथून जवळच पेंडलटनपाशी गोऱ्या वसाहतवाल्यांनी नऊ इंडियन माणसं मारली, बायकामुलांसकट. त्याबद्दल १८२५ मध्ये तीन गोऱ्यांना फाशी झाली, अमेरिकन कायद्याने अशा गुन्ह्यासाठी गोऱ्यांना दिलेली ही पहिली फाशी समजतात.

म्हणजे १८३६ हे मधलं वर्ष. मागचं रक्त वाळलेलं, पुढचं दिवाळं अजून यायचं. लोहार भाता ओढतोय, बाई लोणी काढताहेत, सगळे आशेवर आहेत. हे वर्ष निवडणाऱ्यांनी काही लपवायला निवडलं असं मी म्हणत नाही. गाव दाखवायचं तर गाव वसलेलं हवं, उजाडलेलं नको, हे सरळ आहे. पण कुठल्याही वर्षापाशी घड्याळ थांबवलं की काही माणसं चौकटीत येतात आणि काही बाहेर राहतात. प्रेअरीटाउनच्या दुकानदाराला नातीने विचारलं, "इथे आधी लेनापे लोक राहत होते ना? ते कुठे गेले?" दुकानदार भूमिकेत पक्का होता. तो म्हणाला, "मी आलो तेव्हा इथे कोणी नव्हतं, पोरी. जमीन सरकारकडून घेतली. रोख पैसे मोजून."

१८३६ चा दुकानदार अगदी असंच म्हणाला असता. त्यात एक शब्द खोटा नाही. म्हणून तर ते उत्तर मला अजून आठवतं.

त्या गावाच्या बाहेर नदीच्या बाजूला दोन वेगळ्या जागा आम्हाला दाखवल्या. एक लेनापे लोकांची वस्ती आणि कातड्यांच्या व्यापाराचं लाकडी ठाणं. दुसरं ते विटांचं दुमजली घर, १८२३ सालचं, विल्यम कॉनरचं. ज्याच्या नावाने हे सगळं आहे तो माणूस हाच.

हा विल्यम कॉनर जन्मला १७७७ मध्ये, ओहायोत. त्याचे आईबाप मोरावियन मिशनऱ्यांच्या ख्रिस्ती लेनापे वस्तीत राहत. त्याची आई लहानपणी शॉनी लोकांच्या कैदेत वाढलेली. त्यामुळे इंडियन भाषा हा त्याला घरचाच कारभार होता. साधारण १८०० च्या सुमाराला तो व्हाइट रिव्हरच्या काठी आला, कातड्यांचा व्यापार मांडला आणि मेकिंजेस नावाच्या लेनापे स्त्रीशी लग्न केलं. ती नायक अँडरसन यांची मुलगी होती असं सांगतात. अँडरसन नावाचं शहर आजही इंडियानात आहे, ते त्यांच्याच नावाचं. विल्यम आणि मेकिंजेस यांना सहा मुलं झाली. वीसएक वर्षांचा संसार. लेनापे समाजात वंश आईकडून चालतो, तेव्हा ही मुलं लेनापेच होती आणि कॉनर हा त्यांच्यातला जावई.

लेनापे लोकांबद्दल दोन ओळी सांगायला हव्यात. इंग्रज त्यांना 'डेलावेअर' म्हणत. मूळचे ते अटलांटिक किनाऱ्याचे. न्यू जर्सी, पूर्व पेनसिल्व्हेनिया, मॅनहॅटनचं बेटसुद्धा त्यांच्याच मुलखात येतं. अमेरिकेने कुठल्याही इंडियन राष्ट्राशी केलेला पहिला लेखी करार १७७८ चा, फोर्ट पिटचा, तो याच लोकांशी. त्यात त्यांचं वेगळं राज्य करून काँग्रेसमध्ये प्रतिनिधी घ्यायचीसुद्धा सोय होती! ते अर्थातच कागदावर राहिलं. दर पिढीला पश्चिमेकडे सरकत सरकत ते व्हाइट रिव्हरला आले होते.

१८१८ च्या ऑक्टोबरात ओहायोतल्या सेंट मेरीजला आणखी एक करार झाला. लेनापेंनी इंडियानातली सगळी जमीन सोडायची आणि तीन वर्षांत मिसिसिपीपलीकडे जायचं. बदल्यात १२० घोडे, काही होड्या, सामान आणि वार्षिक तनखा. या करारात दुभाषा म्हणून कोण होता? विल्यम कॉनर. बायकोच्या माणसांनी काय सोडायचं हे बायकोच्या भाषेत सांगण्याचं काम त्याने केलं.

१८२० मध्ये लेनापे निघाले. मेकिंजेस सहा मुलांना घेऊन आपल्या माणसांबरोबर गेली. विल्यम गेला नाही. त्याने तिला घोडे आणि मालातला वाटा दिला असं सांगतात. त्याच वर्षी राज्याच्या नव्या राजधानीसाठी जागा शोधणारे अधिकारी जमले ते त्याच्याच ठाण्यावर. आणि त्याच वर्ष अखेरीस त्याने एलिझाबेथ चॅपमन या तरुण गोऱ्या मुलीशी लग्न केलं. तीन वर्षांनी हे विटांचं घर बांधलं. जिल्ह्याचा पहिला कारभार या घरात चालला. दहा मुलं झाली. पुढे तो विधिमंडळात गेला, मोठा जमीनदार झाला आणि १८५५ मध्ये वारला.

हे सगळं त्या घरात सांगतात, लपवत नाहीत. तिथली मार्गदर्शक बाई १८३६ ची नव्हती, आजची होती आणि चांगलं सांगत होती. आमच्याबरोबर एका शाळेचा वर्गही आला होता. चाळीसेक मुलं, दोन शिक्षिका, सारखी डोकी मोजणं चाललेलं. माझा जीव त्या शिक्षिकांपाशी! त्यातल्या एका मागे राहिलेल्या पोराने हात वर केला आणि विचारलं, "त्याच्या मुलांना माहीत होतं का, की बाबा येणार नाहीत?"

खोली गप्प झाली. बाई म्हणाल्या, "सगळ्यात मोठा मुलगा तेव्हा अठरा वर्षांच्या आसपास होता. त्याला माहीत असणारच." वर्गाला पुढे जायचं होतं, बस थांबली होती. वर्ग गेला. आमची नात तिथेच उभी.

घरी शिकवणं चांगलं की शाळा, असं मला लोक विचारतात तेव्हा मला हे दृश्य सांगावंसं वाटतं. तो प्रश्न आमच्या नातीला सुचला नव्हता. घरात तिला प्रश्न विचारणारे आम्ही चौघं मोठे, आमचे प्रश्न मोठ्यांचे. चाळीस मुलांच्या वर्गात एखादं मूल जे विचारतं ते उरलेल्या एकोणचाळिसांना फुकट मिळतं. हे घरी मिळत नाही, कितीही पुस्तकं आणा. पण त्या वर्गाला बस गाठायची होती आणि नातीला नव्हती. पुढचे तीन आठवडे तिने दुसरं काही केलं नाही. गणितसुद्धा मागे पडलं, लेक वैतागली, पण तिने अडवलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत नातीने विचारलं, "मग आपलं घर कोणाच्या जमिनीवर आहे?" जावई म्हणाले, "बँकेच्या!" हसलो सगळे. पण ती बेटी हसली नाही.

मग तिने शोधायला घेतलं. अमेरिकेत जमिनीचे व्यवहार फार पद्धतशीर नोंदलेले असतात. १७८५ च्या कायद्याने सगळी सरकारी जमीन आखून काढली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौरस, त्याला टाउनशिप म्हणायचं, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. सरकारने पहिल्यांदा विकलेल्या जमिनीची सनद तर सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. १८२० च्या कायद्याने भाव होता एकरी सव्वा डॉलर आणि किमान ८० एकर. शंभर डॉलर रोख मोजले की शेतकरी झालात. दुकानदाराचे 'रोख पैसे' ते हेच. लेकीचं घर त्याच जिल्ह्यात. नातीने मोठ्या कागदावर चौकटी काढल्या. सगळ्यात वर 'आपलं घर'. त्याखाली ज्याने वसाहत बांधली तो बिल्डर. त्याखाली शेतकरी. मधल्या दोनतीन चौकटी रिकाम्या, कारण त्यांच्या नोंदी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन पाहायच्या होत्या. त्याखाली पहिली सनद. त्याखाली 'अमेरिकेचं सरकार'. त्याखाली 'सेंट मेरीजचा करार, १८१८'. त्याखाली 'लेनापे'.

या आखणीत मला एक गोष्ट सापडली, ती शिक्षक म्हणून सांगायलाच हवी. प्रत्येक टाउनशिपमधला १६ नंबरचा भाग शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवलेला असे. म्हणजे १८१८ च्या करारात जी जमीन गेली तिच्या ३६ पैकी एका भागावर इथल्या मुलांच्या शाळांची तरतूद झाली. हे वाचून मला बरंही वाटलं आणि वाईटही. शाळेसाठी जमीन ठेवणारे लोक दूरदृष्टीचे, यात शंका नाही. पण ती होती कुणाची? मी तेव्हा नातीला या दोन्ही गोष्टी सांगितल्या. एक सांगून थांबणं मला जमलं असतं, तिला चाललं नसतं.

लेकीला मात्र हे सगळं थोडं जड जात होतं. एकदा रात्री मुलं झोपल्यावर ती म्हणाली, "बाबा, ही मुलं इथे जन्मलीत. आपलं गाव म्हणून त्यांच्याकडे हेच आहे. त्यांना हे आपलं वाटायला हवं ना? तुम्ही तर पायाच उकरायला लागलात." तिचं म्हणणं मला पोचलं. मुलं परक्या रंगाची, परक्या नावाची, त्यांना आधीच कुणीतरी 'तुम्ही मूळचे कुठले' म्हणून विचारत असतं. मी तिला एवढंच म्हटलं की आपल्या गावची गोष्ट पूर्ण माहीत असलेला माणूस तिथे उपरा राहत नाही, अर्धी माहीत असलेला राहतो. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नातीला जिल्ह्याच्या कचेरीत नेलं आणि मधल्या रिकाम्या चौकटी भरून आणल्या.

मेकिंजेसचं पुढे काय झालं? लेनापे आधी मिसूरीत गेले. १८२९ च्या करारानंतर तिथूनही उठून कॅन्ससला. मेकिंजेसची मुलं त्यांच्यातच वाढली. थोरला जॉन कॉनर, ज्याच्याबद्दल तो पोरगा विचारत होता, तो पुढे टेक्ससपर्यंत वाटाड्या आणि व्यापारी म्हणून फिरला आणि शेवटी लेनापेंचा प्रमुख नायक झाला. कॅन्ससमध्ये रेल्वे आली, गोरे आले आणि १८६६ साली पुन्हा करार झाला. लेनापेंनी कॅन्सस सोडून आजच्या ओक्लाहोमात जायचं. त्या करारावर प्रमुख नायक म्हणून सही आहे जॉन कॉनरची. बापाने १८१८ मध्ये दुभाष्याचं काम केलं, मुलाने १८६६ मध्ये नायकाचं. दोन्ही कागदांत मजकूर तोच, जागा सोडण्याचा.

आज ओक्लाहोमात लेनापेंच्या दोन मान्यताप्राप्त जमाती आहेत. एकीचं ठाणं बार्टल्सव्हिलला, दुसरीचं अनाडार्कोला. बार्टल्सव्हिलच्या जमातीची मान्यता मध्यंतरी गेली होती, ती २००९ मध्ये परत मिळाली. लहानपणापासून ती भाषा बोलणारे शेवटचे गृहस्थ २००२ साली गेले. पण जमातीने जुन्या ध्वनिफिती जपून एक बोलता शब्दकोश जालावर ठेवला आहे. नातीने आणि मी तो उघडून बसलो होतो. मेकिंजेस हे नाव इंग्रजी कागदांत चारपाच प्रकारांनी लिहिलेलं सापडतं. नातीला मी तेव्हा देवनागरी शिकवत होतो. ती म्हणाली, "आजोबा, मराठीत जसं बोलतात तसंच लिहितात ना? मग हे कसं लिहायचं?" मी म्हटलं, "आधी बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकायला हवं." ते नाव काही तिथे ऐकायला मिळालं नाही. 'वानिशी' हा शब्द मिळाला, म्हणजे आभारी आहे. तो तिने वहीत लिहिला, ऱ्हस्वदीर्घासकट. मी लाल शाईचं पेन उचललंच नाही.

नात आता कॉलेजात आहे. पुढे दोन वर्षांनी दोन्ही मुलं पुन्हा शाळेत गेली, नातू तर उड्या मारत गेला. तो चौकटींचा कागद लेकीच्या घरी जिन्यात चौकट करून लावलेला आहे. घरी येणारे शेजारी तो वाचतात आणि आपल्या घराचं विचारतात.

आपल्यापैकी कुणाची मुलं, नातवंडं इंडियानात असतील तर कॉनर प्रेअरी जरूर पाहा. दिवस पुरत नाही, पाण्याची बाटली आणि टोपी न्या. लोहाराकडे वेळ काढा, तो फार गप्पिष्ट होता. एकच सुचवतो. बहुतेक लोक आधी गाव पाहतात आणि पाय दुखायला लागले की विटांच्या घराकडे वळतात. तुम्ही उलट करा. आधी ते घर पाहा, मग नदीकाठाने चालत १८३६ च्या गावात या आणि दुकानदाराला तोच प्रश्न विचारा. उत्तर काय मिळतं ते मला कळवा.